थारोळ्याची किंमत

लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग चालू बोर्डात खोचला की पुष्कळदा आत निळसर ठिणगी चमकते आणि ‘टच्’ असा बारीक आवाज येतो. आपण दचकतो. खरं तर चार्जर बिघडलेला नसतो आणि बोर्डही सैल नसतो. त्या क्षणी चार्जरच्या पोटातली एक रिकामी डबी घटाघटा वीज पिऊन घेत असते. पुढे तासन्‌तास लॅपटॉपला जो संथ, स्थिर प्रवाह मिळतो, त्याची ही आगाऊ मोजलेली किंमत. श्रोतेहो, आज मी या डबीची, म्हणजे कपॅसिटरची, आणि या किमतीची हकिगत सांगणार आहे. शंभर वर्षं अभियंते ती किंमत कमी करण्याच्या खटपटीत आहेत. त्यांना बरंच यशही आलं. पण इतिहास बारकाईने पाहिला तर पुष्कळदा असं दिसतं, की किंमत कमी झालेली नसते. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर चढलेली असते.

आधी ही डबी करते काय, ते पाहू. ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे, त्यांना हे चटकन कळेल. मोट विहिरीतून वर येते, थारोळ्यात रिकामी होते आणि पुन्हा खाली जाते. पाणी येतं ते खेपेखेपेने. तरी पाटाने ते बऱ्यापैकी सलग वाहतं, कारण मधे थारोळं असतं. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावते. रेडिओला, संगणकाला मात्र एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. म्हणून ती आधी डायोडमधून एका दिशेला वळवतात. तसं केलं की सेकंदाला १०० खेपा मिळतात, आणि दोन खेपांच्या मधे ओढ पडते. तिथे थारोळ्याचं काम कपॅसिटर करतो. दोन खेपांच्या मधे थारोळ्यातली पातळी थोडी उतरते, पुन्हा चढते. या चढउताराला इंग्रजीत ‘रिपल’ म्हणतात; आपण लहर म्हणू. आणि सुरुवातीला थारोळं कोरडं असताना पहिलं सगळं पाणी ते स्वतःच गिळतं, त्याला ‘इनरश’ म्हणतात. आपण त्याला पहिला लोंढा म्हणू. थारोळं मोठं केलं तर लहर कमी होते, पण लोंढा वाढतो. लहान केलं तर लोंढा आवरतो, पण लहर वाढते. सगळा पेच इथेच आहे.

वीज अशी साठवता येते हे माणसाला कळलं तेच मुळी झटका खाऊन. १७४५ साली पॉमेरेनियातल्या एवाल्ड फॉन क्लाइस्ट यांना आणि पाठोपाठ हॉलंडमधल्या लायडन गावी पीटर फान मुशेनब्रूक यांना काचेच्या भांड्यात वीज कोंडता येते असं आढळलं. मुशेनब्रूक यांनी १७४६ मध्ये पॅरिसला पत्र लिहून कळवलं, की फ्रान्सचं राज्य देऊ केलं तरी तो झटका आपण पुन्हा घेणार नाही. त्याच वर्षी नोले नावाच्या धर्मगुरूने पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात घालून उभं केलं आणि त्या भांड्याच्या झटक्याने सगळ्यांना एकदम उडी मारायला लावली. पुढे व्होल्टा यांनी १७८२ च्या सुमारास विजेचा संचय करणाऱ्या अशाच एका साधनाला ‘कंडेन्सर’ म्हटलं. शाळेच्या पुस्तकात आपण संधारित्र म्हणतो, अभियंते कपॅसिटर म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात मात्र ‘साहेब, कंडेन्सर गेलाय’ असंच ऐकू येतं. व्होल्टांचा शब्द आपल्या मेकॅनिकांनी जपला आहे.

दीडशे वर्षं हे भांडं प्रयोगशाळेतलं कौतुक राहिलं. त्याची घरात गरज पडली ती रेडिओमुळे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा जगातले पुष्कळसे रेडिओ बॅटऱ्यांवर चालत. एक बॅटरी व्हॉल्व्हची तार तापवायला, दुसरी जास्त व्होल्टची, आवाज घडवायला. बॅटरीचा प्रवाह अगदी शांत. पण ती उतरे, महाग पडे, आणि तिच्यातलं आम्ल गालिच्यावर सांडे. घरात विजेची तार आलेली असताना हा जाच कशाला, असा विचार साहजिकच होता. १९२५ मध्ये टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी घरच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला. १९२८ मध्ये शिकागोत गॅल्विन बंधूंनी कंपनी काढली, तिचं पहिलं उत्पादन बॅटरीची गरज संपवणारं ‘एलिमिनेटर’ हेच होतं. याच कंपनीला पुढे जग मोटोरोला म्हणून ओळखू लागलं.

पण बॅटरी गेली आणि गुणगुण आली. लहर पुरती मोडली नाही की ती कर्ण्यातून ऐकू येते. आपल्याकडे तिचा सूर सेकंदाला १०० कंपनांचा, अमेरिकेत १२० चा. गाण्याच्या मागे कुणीतरी सतत ‘हुं’ करत बसल्यासारखं वाटे. ती घालवायची तर मोठं थारोळं हवं. त्या वेळचे कागदी कपॅसिटर विटेएवढे होऊनही काही मोजक्या मायक्रोफॅरडचेच असत. म्हणून त्यांच्या जोडीला लोखंडी गाभ्यावर तार गुंडाळलेलं जड ‘चोक’ बसवत. कित्येक रेडिओंत तर कर्ण्याच्या विद्युतचुंबकाचं वेटोळंच चोक म्हणून वापरून घेत. एका तारेत दोन कामं. त्या काळच्या कारागिरांचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे.

लहान डबीत मोठं थारोळं मावू लागलं ते दोन माणसांमुळे. पहिले पोलंडचे कॅरोल पोलाक. अॅल्युमिनिअमच्या पत्र्यावर विजेने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि योग्य द्रावणात तो वीज बंद केल्यावरही टिकतो, हे त्यांनी हेरलं. १८९६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. दोन पत्र्यांमधलं अंतर जितकं कमी, तितकी साठवण जास्त. आणि इथे ते अंतर मीटरच्या अब्जाव्या भागांत मोजावं लागेल इतकं कमी. दुसरे अमेरिकेतले सॅम्युएल रुबेन. १९०० साली जन्मलेल्या या संशोधकाकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. आजच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा पूर्वज म्हणता येईल अशी रचना त्यांनी १९२५ मध्ये मांडली. पत्र्याच्या डबीतला, ओलसर कागद गुंडाळलेला हा कंडेन्सर हळूहळू रेडिओत शिरला आणि गुणगुण निवाली. रुबेन यांचं नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा भेटणार आहेत.

त्या काळात पहिल्या लोंढ्याची फारशी चिंता कुणाला करावी लागत नसे. याचं कारण मोठं गमतीचं आहे. वीज एका दिशेला वळवण्याचं काम तेव्हा व्हॉल्व्ह करत. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. रेडिओ लावला की आवाज यायला दहा-वीस सेकंद थांबावं लागे, ते जुन्या पिढीला आठवत असेल. तेवढ्या वेळात थारोळं हळूहळू भरून जाई. शिवाय व्हॉल्व्हचा स्वतःचा अडथळा असे, आणि त्याच्या आधी ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा. तरीही व्हॉल्व्हला मर्यादा होतीच. ‘जीझेड ३४’ हा त्या जातीतला दणकट व्हॉल्व्ह. त्याच्यापुढे ६० मायक्रोफॅरडहून मोठा कपॅसिटर जोडू नये असं त्याचे निर्माते सांगत. आपण ज्याला जुन्या यंत्राचा आळस म्हणतो, तोच त्याचा रक्षक होता.

१९५० च्या दशकापासून सिलिकॉनचे डायोड आले. ते तापायला वेळ घेत नाहीत, त्यांच्यात अडथळाही नगण्य. पुढे ट्रान्झिस्टर आणि संगणक आले, त्यांना कमी व्होल्ट पण जास्त प्रवाह हवा होता. साधा हिशेब करून पाहू. एक अँपिअर प्रवाह घ्यायचा आणि १,००० मायक्रोफॅरडचं थारोळं ठेवायचं, तर दोन खेपांमधल्या शंभराव्या भाग सेकंदात पातळी जवळपास १० व्होल्टने उतरते. लहर एका व्होल्टवर आणायची तर १०,००० मायक्रोफॅरड हवेत. म्हणून त्या वेळच्या संगणकांच्या कपाटात लोट्याएवढे कपॅसिटर रांगेने उभे असत आणि त्यांच्याशेजारी मणाचे ट्रान्सफॉर्मर.

यातून सुटायची युक्ती एकच होती: खेपा वाढवा. सेकंदाला १०० ऐवजी एक लाख खेपा मिळाल्या, तर दोन खेपांमधली ओढ हजारपट कमी होते आणि तेच काम हजारपट लहान थारोळ्यात भागतं. ट्रान्सफॉर्मरही मुठीत मावेल एवढा होतो. वीज सतत उघडबंद करून खेपा पाडायच्या, म्हणून याला ‘स्विचिंग’ पद्धत म्हणतात. कल्पना नवी नव्हती. १९३० च्या दशकात मोटारींतल्या रेडिओंत थरथरणारी धातूची पट्टी हेच काम करत असे. वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त झाले तेव्हा ती खरी फोफावली. १९६० च्या दशकात लष्करी आणि अवकाशातल्या उपकरणांत, सत्तरीच्या सुरुवातीला मिनी-संगणकांत ती पोचली. कॅलिफोर्नियात रॉबर्ट बॉशर्ट यांनी तिचे सुटे भाग कमी करून ती सामान्यांच्या किमतीत आणली. १९७६ मध्ये रॉबर्ट मॅमानो यांनी तिचं नियंत्रण एका चिपमध्ये बसवलं. १९७७ मध्ये ‘अॅपल २’ संगणकात रॉड होल्ट यांचा स्विचिंग पुरवठा आला. तो इतका कमी तापे की पंख्याची गरज उरली नाही. स्टीव्ह जॉब्ज यांच्या २०११ साली आलेल्या चरित्रात, बाकी सगळ्यांनी होल्ट यांची नक्कल केली, असं जॉब्ज यांचं म्हणणं आलं आहे. होल्ट यांचं काम सुंदर होतं यात शंका नाही. पण वाट त्यांच्या आधीच मळलेली होती, हे वरच्या तारखा सांगतात.

इथे मात्र एक गोष्ट निसटली. जुना जड ट्रान्सफॉर्मर भिंतीतली वीज आणि कपॅसिटर यांच्या मधे उभा असे. नव्या रचनेत तो मागे गेला. आता घरची २३० व्होल्टची वीज थेट डायोडमधून कपॅसिटरवर आदळू लागली. २३० हा सरासरीचा एक प्रकार आहे. विजेच्या लाटेचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत जातो. वाटेत सगळा मिळून एक ओहम अडथळा आहे असं धरलं, आणि बटण नेमकं त्या माथ्याच्या क्षणी दाबलं गेलं, तर पहिला लोंढा ३२५ अँपिअरचा. टिकतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, पण तेवढ्यात बटणाचे संपर्क जळतात, डायोड फुटतो, फ्यूज उडतो. सुरुवातीला सांगितलेली ठिणगी ती हीच. पाठीवरचं ओझं उतरवताना ढालही उतरवून ठेवली गेली होती.

मग रखवालदार शोधणं आलं. तो सापडला एका फार जुन्या टिपणात. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे यांना दिसलं होतं, की चांदीचं सल्फाइड तापवलं की त्यातून वीज अधिक सहज वाहते. धातूंच्या बरोबर उलट. या गुणाचा व्यवहारात उपयोग होईल असा पदार्थ १९३० मध्ये ज्यांनी घडवला ते सॅम्युएल रुबेनच. आज आपण त्याला थर्मिस्टर म्हणतो. काळसर, चकतीसारखा. थंड असताना त्याचा अडथळा समजा १० ओहम, तर पहिला लोंढा ३२५ वरून ३० अँपिअरच्या आसपास येतो. मग त्यातून प्रवाह वाहतो, तो तापतो, अडथळा ओहमच्या लहानशा अंशावर येतो आणि तो वाटेतून जणू बाजूला होतो. व्हॉल्व्हचा तो आळस आपण विकत आणून पुन्हा बसवला. ज्या माणसाने थारोळं मोठं केलं त्यानेच त्याच्या दाराशी रखवालदारही दिला, आणि थारोळ्याची क्षमता ज्या एककात मोजतात ते फॅरडे यांच्याच नावाचं. इतिहासात असे योग थोडे.

पण रखवालदाराचीही खोड आहे. तो तापलेला असतानाच त्याचं काम संपतं. वीज गेली आणि दोन सेकंदांत परत आली, तर कपॅसिटर रिकामा झालेला असू शकतो आणि थर्मिस्टर अजून गरम. दार सताड उघडं. पुरतं थंड व्हायला त्याला मिनिटभर तरी लागतं. महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षं भारनियमन पुरेपूर अनुभवलं. वीज आली की लगेच जाते, पुन्हा येते, अशा वेळी उपकरणाचं बटण बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, असं मी सगळ्यांना सांगत असे. त्यामागचं एक शास्त्र हे. मोठ्या पुरवठ्यांत म्हणून वेगळी तजवीज करतात: कपॅसिटर भरेपर्यंत वाटेत अडथळा ठेवायचा आणि मग रिलेने तो बाजूला काढायचा. ते चोख काम आहे, फक्त थोडं महाग.

आता लहरीकडे परत येऊ. लाख खेपांमुळे थारोळं लहान झालं हे खरं, पण कपॅसिटरच्या आत जो थोडासा अडथळा असतो तो आता बोलू लागला. प्रत्येक खेपेला वीज त्यातून आत-बाहेर करते. समजा अडथळा ओहमचा दहावा भाग आणि ये-जा दोन अँपिअरची. तर लहर ०.२ व्होल्टची उरते, आणि डबीच्या पोटात ०.४ वॉट उष्णता सतत निर्माण होते. आतला कागद ओला असतो. उष्णतेने तो सुकत जातो. सुकला की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की उष्णता वाढते. या व्यवसायात एक ठोकताळा आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंश सेल्सिअसला २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास म्हणजे सलग साडेतीन वर्षांहून अधिक चालेल. तोच ८५ अंशांवर ८,००० तासांत, वर्षाच्या आत संपेल. म्हणजे लहर आता ऐकू येत नाही, ती डबीचं आयुष्य खाते.

या शतकाच्या सुरुवातीला याचा धडा साऱ्या जगाला मिळाला. १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षं संगणकांच्या मदरबोर्डांवरचे आणि पुरवठ्यांतले कपॅसिटर दोन-तीन वर्षांतच फुगू लागले, गळू लागले. आतलं द्रावण सदोष होतं. त्यातल्या पाण्याची अॅल्युमिनिअमशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होई आणि डबीचं टोपण वर येई. चोरलेल्या अर्धवट कृतीवरून हे द्रावण बनवलं गेलं, अशीही बातमी तेव्हा गाजली. एका मोठ्या अमेरिकी कंपनीला २००५ मध्ये यापोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. बाकीचा भुर्दंड ज्यांच्याकडे हमीचा कागद नव्हता त्यांच्यावर पडला. माझ्या टेबलावर त्या काळात आलेल्या मेलेल्या संगणकांतले पुष्कळसे चार-पाच फुगलेले कंडेन्सर बदलले की उठून बसत. सुटा भाग काही रुपयांचा. त्यांच्या मालकांना मात्र आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असे, की मशीन भंगारात द्या.

हीच गोष्ट आज दिव्यात घडते आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. विजेची मोठी बचत झाली. एलईडीचा दाणा स्वतः सहसा लवकर मरत नाही. पुष्कळदा मरतो तो त्याच्यामागे बंद, गरम टोपीत कोंडलेला छोटा कपॅसिटर. आणि एखाद्या सभागृहात पन्नास-साठ दिवे एका बटणावर घेतले, तर चालू दिव्यांचा भार अगदी कमी असूनही एमसीबी पडतो, कारण साठही थारोळी एकाच क्षणी तोंड उघडतात. ‘बी’ प्रकारचा एमसीबी त्याच्या मर्यादेच्या तीन ते पाच पटीला लगेच पडतो, ‘सी’ प्रकारचा पाच ते दहा पटीला. वायरमनला दोष देण्याआधी दिवे दोन-तीन बटणांवर वाटून द्यावेत, किंवा योग्य प्रकारचा एमसीबी घ्यावा.

भौतिकशास्त्रात एक कठोर नियम आहे. स्थिर दाबाच्या पुरवठ्यावरून रिकामा कपॅसिटर साध्या अडथळ्यातून भरला, तर जेवढी ऊर्जा त्यात साठते तेवढीच वाटेत उष्णता होऊन जाते. अडथळा लहान घ्या की मोठा, वाटणी तीच. लोंढा मंद करता येतो, फुकट करता येत नाही. बॅटरीच्या काळात ही किंमत खिशातून जात होती, चोकच्या काळात वजनातून, व्हॉल्व्हच्या काळात दहा-वीस सेकंदांच्या थांबण्यातून. थर्मिस्टर आणि चांगला कपॅसिटर घातला तर ती काही रुपयांत भागते, आणि ते रुपये बनवणाऱ्याने मोजायचे असतात. त्याने ते वाचवले की किंमत आपल्याकडे येते. दोन वर्षांत बंद पडलेला दिवा, फुगलेला कंडेन्सर आणि कचऱ्यात गेलेला धडधाकट संगणक, ही तिची बिलं आहेत.

म्हणून माझी दोनच मागणी आहेत. वस्तू घेताना वॉटबरोबर तिचं तासांतलं आयुष्य आणि हमीही विचारा. आणि एखादं यंत्र अचानक गेलं, तर भंगारवाल्याआधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा. स्वतः मात्र उघडू नका: प्लग काढल्यावरही त्या डबीत ३२५ व्होल्ट बराच वेळ दबा धरून बसलेले असतात. लायडनच्या प्राध्यापकांना पौने तीनशे वर्षांपूर्वी बसलेला तो झटका अजून तसाच शिल्लक आहे.